आज ड्युटीवर कोण आहे?

आमच्याकडे सरकारी आरोग्य केंद्रात जायला निघण्याआधी लोक एक फोन करतात. केंद्रासमोर फार्मसी चालवणाऱ्याला, तिथे कामाला असलेल्या भाच्याला, नाही तर फाटकाबाहेर रिक्षा लावणाऱ्या ओळखीच्या माणसाला. प्रश्न ठरलेला असतो: "आयज कोण आसा?" उत्तर ऐकून पुढचं ठरतं. केंद्रात जायचं, दुखणं उद्यावर ढकलायचं, की कुणाची तरी गाडी मागून सरळ बांबोळीचं मोठं सरकारी इस्पितळ गाठायचं.

हा फोन इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही खटकतं असं कुणाला वाटत नाही. मला मात्र गोव्यातल्या ग्रामीण आरोग्यसेवेबद्दल जे सांगायचं आहे ते सगळं या फोनपाशी येऊन थांबतं. गावात वस्तीला राहणारी कदंब, म्हणजे सरकारी बस, पहाटे सुटते. ती जुनी असते, खिडक्या खडखडतात, पण ती सुटणार हे धरून माणसं आपला दिवस बेततात. बस आहे का, असं विचारायला कुणी फोन करत नाही. आरोग्य केंद्राबद्दल असं ज्या दिवशी वाटेल, त्या दिवशी ते भरवशाचं झालं असं मी म्हणेन. मग इमारतीला फरशी कोणती आहे आणि उद्घाटनाच्या पाटीवर कुणाचं नाव आहे, याला माझ्या लेखी फारसं महत्त्व नाही.

देशाच्या इतर भागांतल्या ग्रामीण केंद्रांबद्दल जे लिहिलं जातं ते गोव्याला जसंच्या तसं लागू पडत नाही. तिथली मुख्य अडचण अंतराची असते. आमचं राज्य अवघं ३,७०२ चौरस किलोमीटर. सत्तरीच्या डोंगरातून किंवा काणकोणच्या टोकावरून निघालं तरी तास-दोन तासांत गोमेकॉच्या, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या, दारात पोचता येतं. आणि हे गोमेकॉ काही कालपरवाचं नाही. १८४२ साली पोर्तुगिजांनी पणजीत वैद्यकशाळा सुरू केली, आशियातल्या पाश्चात्त्य वैद्यकाच्या सर्वांत जुन्या शाळांमध्ये ती मोडते. मुक्तीनंतर १९६३ मध्ये तिचं गोवा मेडिकल कॉलेज झालं आणि पुढे सगळा कारभार बांबोळीच्या पठारावर गेला. त्यामुळे गोव्याच्या माणसाच्या मनात आजारपणाचा शेवटचा मुक्काम पिढ्यान् पिढ्या पक्का आहे. म्हापशाचं आझिलो आणि मडगावचं हॉस्पिसियो ही मधली ठाणी. जिल्हा इस्पितळांच्या इमारती बदलल्या तरी म्हातारी माणसं अजून तीच नावं घेतात.

हे जवळपण मोठं भाग्य आहे, आणि ग्रामीण केंद्रांचं दुखणंही त्याच्यातच आहे. मोठं इस्पितळ इतकं हाताशी असलं की मधल्या प्रत्येकाला, रुग्णाला, त्याच्या नातेवाइकांना, रात्रपाळीच्या एकट्या डॉक्टरला, पुढे पाठवण्याचा मार्ग सर्वांत सुरक्षित वाटतो. रुग्ण पुढे पाठवल्याबद्दल कुणी जाब विचारत नाही. ठेवून घेतला आणि काही बरंवाईट झालं तर मात्र सगळा गाव दारात येतो. मी त्या डॉक्टरच्या जागी असेन तर मीही चिठ्ठीच लिहीन. म्हणून 'रेफर' केलं की लोक ज्या रागाने बोलतात त्यात मला पूर्ण सामील होता येत नाही.

पण चिठ्ठ्या लिहीत गेलं की काय होतं ते बाळंतपणांत सर्वांत स्पष्ट दिसतं. एखाद्या केंद्रात बाळंतपणं कमी व्हायला लागली की तिथल्या सिस्टरच्या हाताची सवय मोडते. सवय मोडली की थोडं अवघड वाटलेलं प्रत्येक बाळंतपण पुढे पाठवलं जातं. पुढे पाठवतात हे गावात कळलं की सातव्या महिन्यापासूनच बाई म्हापशाला किंवा बांबोळीला नाव घालते. मग केंद्रातली बाळंतपणं आणखी घटतात. वर्षाअखेरीस कुणी तरी तक्ता काढून म्हणतं, इथे प्रसूतीच होत नाहीत, मग इतक्या सिस्टर कशाला? आणि त्यांच्यातल्या एकीची बदली होते. या सगळ्यात कुणीही वाईट वागलेलं नसतं.

देशभराच्या आरोग्य केंद्रांसाठी केंद्र सरकारने मानकं ठरवली, २००७ साली पहिल्यांदा आणि मग २०१२ व २०२२ मध्ये सुधारून. सामुदायिक आरोग्य केंद्र म्हणजे ३० खाटा, आणि सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ. सपाट प्रदेशात १ लाख २० हजार लोकांमागे एक, डोंगराळ भागात ८० हजारांमागे एक. आता गोव्याकडे पाहा. सत्तरी, काणकोण, सांगे, या तालुक्यांची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत प्रत्येकी ७० हजारांच्या आत होती. म्हणजे अख्खा तालुका मिळूनसुद्धा एका केंद्राच्या मापाला पुरत नाही. तरीही केंद्र हवंच, कारण माणसं आहेत, रान आहे, पाऊस आहे. पण इतक्या लोकसंख्येत सर्जनला रोज करायला शस्त्रक्रिया नसतात. ज्याने हात तयार करायला उमेदीची दहाबारा वर्षं घातली, तो हात जाईल अशा ठिकाणी का राहील? देशातल्या ग्रामीण केंद्रांत तज्ज्ञ डॉक्टरांची कमतरता २०२१-२२ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे गरजेच्या सुमारे ८० टक्के होती. तज्ज्ञ गावात जायला तयार नाहीत असं म्हणून आपण हा आकडा त्यांच्या स्वभावावर ढकलतो. मला त्यात पगाराइतकंच, कदाचित जास्तच, हे हात जाण्याचं भय दिसतं.

आणि समजा तज्ज्ञ आला. तरी एकटा तज्ज्ञ म्हणजे सेवा नव्हे. मध्यरात्री सिझेरियन करायचं तर स्त्रीरोगतज्ज्ञ हवी, भूलतज्ज्ञ हवा, बाळाला सांभाळणारं कुणी हवं, आणि रक्ताची सोय हवी. चारांतलं एक नसेल तर बाकीच्या तिघांचा त्या बाईला काहीच उपयोग नाही. साधा हिशेब मांडून पाहा. चारही गोष्टी शंभरातल्या नव्वद वेळा हजर असतात असं धरलं, आणि हा हजेरीपट कुणालाही चांगलाच वाटेल, तरी चारही एकाच वेळी हजर असण्याची शक्यता पडते शंभरात पासष्ट-सहासष्ट. तिसरी रात्र कोरडी. लोकांना हा गुणाकार कागदावर मांडता येत नसेल, पण तो त्यांना अनुभवाने पाठ आहे. म्हणूनच ते फोन करतात.

दुसरा हिशेब तासांचा. आठवड्याचे तास १६८. एक माणूस अठ्ठेचाळीस तास काम करतो असं धरलं तर एक खुर्ची दिवसरात्र भरलेली ठेवायला साडेतीन माणसं लागतात. रजा, आजारपण, प्रशिक्षण, कोर्टाची तारीख, शिबिराची ड्युटी धरली तर चार-पाच. कागदावर मात्र पद 'भरलेलं' असतं, कारण तिथे एक नाव लिहिलेलं असतं. विधानसभेत प्रश्न येतो, पद भरलं आहे का? उत्तर येतं, होय. दोन्ही बाजू खरं बोलतात. आणि शनिवारी संध्याकाळी हात मोडलेला मुलगा एक्स-रेच्या बंद दारासमोर उभा असतो.

दिवसाचं केंद्र आणि रात्रीचं केंद्र, ही एकाच इमारतीतली दोन वेगळी केंद्रं आहेत. सकाळी ओपीडीत केसपेपरची रांग, लॅब, इंजेक्शनची खोली, फार्मसी, सगळं चालू. दुपारनंतर एकेक दार मिटत जातं, आणि रात्री उरतात एक वैद्यकीय अधिकारी, एखाददुसरी सिस्टर आणि अटेंडंट. गोव्यात यात एक खास आमचं असं कारण आहे. राज्य लहान असल्यामुळे डॉक्टर पर्वरीला किंवा फोंड्याला राहून रोज गाडीने ये-जा करू शकतो. इतर राज्यांत अंतरामुळे डॉक्टरला मुख्यालयी राहावं लागतं. इथे ती गरज पडत नाही. क्वार्टर्स असतात, त्यांत राहणारं कुणी नसतं, आणि मग माणूस न राहणारं घर गळतं तसं क्वार्टरही गळायला लागतं. मुलांची शाळा, नवऱ्याची किंवा बायकोची नोकरी, या गोष्टी मला खऱ्या वाटतात. कुणी क्वार्टरमध्ये राहत नाही म्हणून बोट दाखवायचं नाही मला. पण गावात राहणाऱ्या डॉक्टरला बाजारात, जत्रेत, शाळेच्या गॅदरिंगला लोक पाहतात, आणि त्या पाहण्यातून जी ओळख होते ती ओपीडीच्या तीन मिनिटांत होत नाही, एवढं खरं.

ओळखीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण माझ्या आईचं सगळं आजारपण मी त्या ओळखीच्या आधाराने पाहिलं. आईला साखर आहे. आमच्या भागातल्या केंद्रात एक सिस्टर होती, आईचा केसपेपर हातात घेण्याआधी ती म्हणायची, "मावशे, पांय दाखय पळोवया." तळवे बघायची, बोटांच्या मधली जागा बघायची, चपलेला पट्टा आहे का तेही बघायची. साखरेच्या माणसाच्या पायाची जाणीव कमी होते, काटा रुतलेला कळत नाही, आणि अशाच एका न कळलेल्या जखमेतून पुढे बोट, मग पाऊल जातं. हे तिने आईला व्याख्यान देऊन शिकवलं नाही. दर खेपेला पाय बघून शिकवलं. आई घरीही आरशात तळवे बघायला लागली. मग त्या सिस्टरची बदली झाली. गोळ्या त्याच होत्या, डॉक्टरही बरा होता, पण आईचं जाणं हळूहळू सुटलं. "तिथे आता कोण आहे माझ्या ओळखीचं?" असं तिचं म्हणणं. मी तिला समजावत राहिलो की औषधाला ओळख लागत नाही. आज मला आईचं म्हणणं जास्त पटतं. जुना आजार वर्षानुवर्षं सांभाळायचा तर रुग्णाला आठवणारं माणूस तिथे हवंच. कंत्राटावर अकरा-अकरा महिने येणारी, वर्षाला बदलणारी माणसं कितीही हुशार असली तरी ही आठवण धरू शकत नाहीत.

आणि गोव्यात साखर हा काही थोड्या लोकांचा आजार नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले, त्यात मधुमेहाचं सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात निघालं: २६.४ टक्के. चार मोठ्या माणसांमागे एकाहून अधिक. म्हणजे आमच्या ग्रामीण केंद्रांचं खरं काम अपघात आणि शस्त्रक्रिया हे नाहीच मुळी. ते आहे साखर, रक्तदाब, त्यांच्या गोळ्या, दर महिन्याला, न चुकता. या कामात थरार नाही, त्याचे फोटो येत नाहीत, पण केंद्रावर विश्वास बसतो किंवा मोडतो तो इथे.

विश्वास मोडण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे महिन्याच्या गोळ्या मागायला आलेल्या माणसाला दहा दिवसांच्या देणं. "पुढच्या आठवड्यात या, स्टॉक येईल." कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, रोजावर जाणाऱ्या बाईला पुढच्या आठवड्यात येणं म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि दोन वेळचं बसभाडं. ती एकदा येते, दुसऱ्यांदा येते, मग शेजारणीकडून चार गोळ्या उसन्या घेते, मग एक दिवसाआड खाते. पुढे कधी तरी तिला अर्धांगवायूचा झटका येतो तेव्हा त्या दहा दिवसांच्या पाकिटाचा कुठे उल्लेखही येत नाही.

गोळ्या का संपतात यामागे चोरी, भ्रष्टाचार असंच लोकांच्या मनात येतं. बहुतेक वेळा कारण त्याहून साधं असतं, आणि म्हणूनच दुरुस्त करता येण्यासारखं. औषधांची मागणी गेल्या वर्षीच्या खपावरून लिहिली जाते. एखादी गोळी गेल्या वर्षी दोन महिने नव्हतीच, तर त्या दोन महिन्यांचा खप शून्य दिसतो. म्हणजे वर्षाचा खप कमी, म्हणजे यंदाची मागणी कमी, म्हणजे यंदा ती आणखी लवकर संपणार. टंचाईचीच नोंद गरज कमी असल्याची नोंद म्हणून वर जाते. जे दिवस औषध नव्हतं ते दिवस वेगळे काढून सरासरी धरायची, एवढीच दुरुस्ती लागते. ज्या फार्मासिस्टला हे उमगलं आहे आणि जो स्वतःच्या वहीत 'परत गेलेले' असा रकाना आखून ठेवतो, त्याच्या केंद्रावर गोळ्या कमी वेळा संपतात. अशा माणसाचा सत्कार कुणी करत नाही. मला तो करावासा वाटतो.

भरवसा कसा कमावला जातो हे सत्तरीत २०१५ नंतर पाहायला मिळालं. त्या वर्षी पाली गावात माकडताप आला. क्यासनूर जंगलातला हा ताप बरीच वर्षं कर्नाटकापुरता होता. तो घाट उतरून आमच्याकडे आला तो नेमका काजूच्या मोसमात. गोचिडीमार्फत हा विषाणू माणसात येतो, रानात माकडं मरायला लागली की ती धोक्याची खूण. काजूवर वर्षाची मिळकत असलेल्या माणसाला 'रानात जाऊ नका' असं सांगण्यात काही अर्थ नव्हता. पुढच्या मोसमांत म्हाऊस, झर्मे अशा गावांतही तो पोचला. तेव्हा आरोग्य खात्याची माणसं वाड्यावाड्यांवर गेली, अंगाला लावायचं गोचीडरोधक तेल वाटलं, मेलेल्या माकडाची खबर कुठे द्यायची ते सांगितलं, रक्ताचे नमुने घेतले, लस दिली. त्या लशीचे एक महिन्याच्या अंतराने दोन डोस, मग सहा ते नऊ महिन्यांनी आणखी एक, मग दर वर्षी. सुई दुखरी, आणि संरक्षणही पुरेसं नव्हतं. पुढे ती लस थांबलीच. तरीसुद्धा तिथल्या लोकांनी आरोग्य कर्मचाऱ्यांना दारातून परत पाठवलं नाही, याचं कारण मला असं वाटतं की ती माणसं पुन्हा आली होती. डिसेंबरात आली, फेब्रुवारीत आली, पावसाआधी आली. नमुना नेला तर त्याचं काय झालं ते सांगायला आली.

हे पुन्हा येणं गोव्यात अवघड होतं त्यामागे एक गोष्ट आहे जी बाहेरच्या वाचकाला कदाचित ठाऊक नसेल. देशभर ग्रामीण आरोग्याचा भार ज्यांच्या खांद्यावर आहे त्या आशा कार्यकर्त्या गोव्यात नाहीत. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, गावोगावी आशा नेमल्या गेल्या. गोव्याने ती योजना घेतली नाही. राज्य लहान, केंद्रं जवळ, एएनएम (गावात फिरणाऱ्या परिचारिका) आणि बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी आहेत, असा विचार असावा. पण एएनएम ही सरकारी नोकरीतली, बदलीवर जाणारी बाई. आशा ही त्याच वाड्यावरची सून असते. धनगर वस्तीवर कुणाच्या घरी खोकला महिनाभर टिकून आहे, कुणाची सून चौथ्या महिन्यात असून अजून कार्ड काढलेलं नाही, हे तिला शेणगोठा करताना कळतं. आमच्याकडे हे काम अंगणवाडी सेविका सांभाळून घेते, तिच्या मूळ कामाशिवाय आणि तिच्या त्याच मानधनात. केंद्र आणि वाडा यांच्यामध्ये जे माणूस हवं ते आमच्याकडे पूर्णवेळ कुणीच नाही.

केंद्र आणि बांबोळी यांच्यामधला धागाही असाच अर्धा आहे. रुग्ण जाताना चिठ्ठी जाते. परत येताना त्याच्या हातात डिस्चार्जचा कागद असतो, इंग्रजीत, घाईच्या अक्षरात. तो कागद पिशवीत, मग कपाटात, मग देवघराच्या मागे. केंद्रातल्या डॉक्टरला आपण पाठवलेल्या माणसाचं पुढे काय झालं हे बहुधा तो माणूस पुन्हा आजारी पडल्यावरच कळतं. आपलं निदान बरोबर होतं की चुकीचं, हेही कळत नाही. शिकायचं कसं मग? माझ्या ओळखीच्या एका तरुण डॉक्टरने मला सांगितलं की आपण पाठवलेल्या रुग्णांची नावं ती वहीत लिहून ठेवते आणि सुटीच्या दिवशी बांबोळीतल्या मैत्रिणींना फोन करून एकेकाची चौकशी करते. हे तिला स्वतःच्या वेळात का करावं लागावं?

धागा पूर्ण असला तर काय होऊ शकतं याचं उदाहरण आमच्याच राज्यात आहे. हृदयविकाराच्या झटक्यासाठी 'स्टेमी गोवा' प्रकल्प सुरू झाला. छातीत कळ घेऊन आलेल्या माणसाचा ईसीजी गावच्या केंद्रात काढतात, तो तिथूनच गोमेकॉच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे जातो, ते बघून सांगतात, आणि गुठळी विरघळवणारं महाग इंजेक्शन केंद्रातच दिलं जातं. मग १०८ची गाडी त्याला पुढे नेते. इथे केंद्राला हृदयरोगतज्ज्ञ लागत नाही. लागतं ते चालू यंत्र, कपाटातलं इंजेक्शन, रात्रीही ईसीजी काढू शकणारा हात, आणि पलीकडे फोन उचलणारं कुणी. चारच गोष्टी, पण त्या दिवसरात्र ठेवायच्याच असं ठरवून ठेवलेल्या. हृदयाच्या स्नायूला रक्त न मिळण्याचा प्रत्येक मिनिट महाग असतो; तास-दीड तास रस्त्यात घालवून मग तेच इंजेक्शन मिळण्यात आणि गावातच मिळण्यात आयुष्यभराचा फरक पडतो. हा प्रकल्प मला महत्त्वाचा वाटतो कारण त्याने केंद्राला सगळं करायला सांगितलं नाही. एक काम दिलं, आणि ते पार पाडण्याची पूर्ण सामग्री दिली.

माझं म्हणणं याच्यावरच येतं. तीस खाटा आणि पाच तज्ज्ञ यांचं वचन देऊन ते तिसऱ्या रात्री मोडण्यापेक्षा, केंद्राने दहाबारा गोष्टी निवडाव्यात आणि त्या मध्यरात्री, रविवारी, चतुर्थीच्या दिवशी, पुरात, कधीही मिळतील अशी सोय करावी. साधं बाळंतपण. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवणारी पहिली औषधं. दम्याचा वाफारा. हृदयविकाराच्या झटक्याचं इंजेक्शन. कुत्रा चावल्याची लस. साखर एकदम उतरली तर ग्लुकोज. हाड मोडलं तर पट्टी बांधून नीट पाठवणी. आणि साप.

सापाबद्दल जरा थांबतो. आमच्या भागात नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही आहेत; काजूच्या पाचोळ्यात फुरसं आणि पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्याला मण्यार. सरकारी केंद्रात मिळणारं प्रतिविष या चार सापांच्या विषावर चालतं. पूड करून भरलेली कुपी थंड जागेत टिकते, तिला बर्फाच्या पेटीची गरज नाही. पहिला डोस आठ ते दहा कुप्यांचा असतो आणि तो केंद्रात देता येतो. घोणस किंवा फुरशाचं विष रक्ताची गोठण्याची ताकद घालवतं, आणि ते ओळखण्याची तपासणी इतकी साधी आहे की ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही: दोन मिलिलिटर रक्त, कोरड्या, स्वच्छ, काचेच्या नळीत, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं. गोठलं नाही तर विष चढलं आहे. नळी काचेचीच हवी. प्लास्टिकमध्ये रक्त नीट गोठत नाही आणि साबणाने धुतलेल्या काचेतही नाही, म्हणून ती नवी हवी. मण्यारीच्या दंशात सूजही फारशी नसते; पापण्या जड होतात, मग श्वास मंदावतो. तेव्हा हाताने दाबायची श्वासाची पिशवी आणि ती रस्ताभर दाबत राहील असं शिकलेलं माणूस गाडीत हवं. पश्चिम घाटात वर वळलेल्या नाकाचा चापड्याचा एक प्रकारही आहे, त्याच्या विषावर हे प्रतिविष उपयोगी पडत नाही. तेही केंद्रातल्या डॉक्टरला ठाऊक असलं तर कुपी वाया जात नाही आणि रुग्णाला वेळेत पुढे नेता येतं. या सगळ्यात तज्ज्ञ कुठेच नाही. काचेच्या नळ्या, कुप्या, पिशवी, आणि दर पावसाआधी एकदा सगळ्यांनी केलेली उजळणी.

पावसाआधी म्हणतो ते उगाच नाही. आमच्याकडे तीन हजार मिलिमीटर पाऊस, घाटाच्या पायथ्याशी त्याहून जास्त. झाड पडतं, वीज जाते, दोन दिवस येत नाही. लशींना दोन ते आठ अंश तापमान हवं. जनरेटर असतो, पण त्यात डिझेल कुणी घालायचं, बिल कुठल्या खात्यातून, यावर अडतं. जुलै २०२१ मध्ये म्हादई आणि तिच्या उपनद्यांना पूर आला तेव्हा सत्तरी-डिचोलीतली गावं पाण्यात गेली, रस्ते तुटले. 'बांबोळी तासावर आहे' हे आमचं सगळ्यांत मोठं समाधान. त्या दिवसांत ते नव्हतं. अशा दिवशी केंद्रात जे असतं तेच असतं.

केंद्राच्या रोगी कल्याण समित्या असतात, त्यांत स्थानिक प्रतिनिधी असतात, थोडाफार निधीही त्यांच्या हाती असतो. आमच्या ग्रामसभा रविवारी भरतात. तिथे बांधकामांवर, कचऱ्यावर, पंचायतीच्या खर्चावर दुपारपर्यंत वाद होतो, आणि तो व्हायलाच हवा. पण केंद्राच्या रात्रपाळीचा तक्ता मागितलेला मी अजून ऐकला नाही. मेमधल्या ग्रामसभेत मी तो मागणार आहे, आणि त्याच्यासोबत आणखी चार गोष्टींची लेखी माहिती: गेल्या वर्षात साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या किती दिवस नव्हत्या, जनरेटरच्या डिझेलला मंजुरी कोण देतं, पुढे पाठवलेल्या रुग्णांचे कागद परत केंद्रात कसे येतात, आणि प्रतिविषाच्या कुप्या किती आहेत व त्यांची मुदत कधी संपते. अर्ज लिहून झाला आहे. वाड्यावरच्या ज्यांना सही करायची आहे त्यांनी शनिवारपर्यंत घरी यावं. ज्यांना सही करायची नाही पण रात्री केंद्रात गेल्यावर काय झालं ते सांगायचं आहे, त्यांनीही यावं.